सहावा मुद्दा

घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, ही म्हण ज्यानं काढली त्याच्याकडे एकच घोडं आलं असावं. पाळकीणबाईंच्या घरी दर वर्षी आठ माणसं यायची, दहा दिवसांसाठी, गिटारीसकट.

पाळक आणि बाई या परक्या देशात येऊन सोळा वर्षं झाली होती. मायदेशातल्या ज्या चर्चमध्ये दोघांचं लग्न लागलं, त्याच चर्चच्या मंडळीनं त्यांना इथं धाडलं होतं. पाळक रविवारी एका भाड्याच्या सभागृहात उपासना घेत आणि आठवडाभर शेजारी लहान मुलांची शाळा चालवत. बाई शिकलेल्या नर्स, त्यामुळे मागच्या दोन खोल्यांतला दवाखाना त्यांच्याकडे. जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या, आणि ज्याला मोठ्या इस्पितळात जायला हवं त्याला दटावून तिकडं पिटाळायचं. काम ढीगभर होतं आणि बाईंना ते आवडायचं. मदतीला माणसं हवीच होती. पण मायमंडळीचं हे सेवापथक मदत करायला येतं की मदत करतानाचे फोटो काढायला, हे बाईंना त्याच्या नऊ वर्षांच्या फेऱ्यांत उमगलं नव्हतं.

पथक शाळेची भिंत रंगवायचं. दर वर्षी तीच भिंत. भिंतीला त्याची गरज आहे का, हे कुणी विचारत नसे. आठ जणांना एकाच वेळी ब्रश धरून उभं राहता येईल अशी ती एकच भिंत होती. पथक गेलं की उपासनेला येणारा रंगारी मुकाट्यानं ओघळ खरवडायचा आणि भिंत पुन्हा रंगवायचा. गेल्या वर्षी न राहवून तो बाईंना म्हणाला होता, "यंदा त्यांना आतल्या बाजूनं रंगवू द्या ना. तिकडं कुणाची नजर जात नाही."

बाई हसल्या होत्या. तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाणारे आपण एकटेच नाही, एवढाच दिलासा.

पथक आलं की दुभाष्याचं कामही बाईंकडे असे. पाळकांना इथली भाषा बाईंइतकीच येत होती, पण त्यांना दुभाषी करायची सोय नव्हती. पाहुण्यांच्या एका वाक्याचं ते प्रवचन करून ठेवत. बाई मात्र शब्दाला शब्द ठेवत. पाहुण्यांचा विनोद पडला तरी पडलेलाच भाषांतरित करत. नऊ वर्षांत त्यांनी एक शब्द गाळला नव्हता की एक घातला नव्हता, आणि याचा त्यांना अभिमान होता.

राहायची रीत अशी, की पलंग पाहुण्यांना आणि जमीन घरच्यांना. घराच्या तिन्ही झोपायच्या खोल्या पथकाच्या ताब्यात जायच्या आणि पाळक, बाई आणि त्यांची लेक बैठकीत चटया टाकून झोपायचे. पहाटे पाणी प्यायला उठलेला कुणीतरी पायावर पाय देऊन जायचा आणि वर "सॉरी हं वहिनी" म्हणायचा. हेही बाईंनी चालवून घेतलं होतं. यंदा मात्र ते चालण्यासारखं नव्हतं.

लेकीला सगळे खारू म्हणत. लहानपणी घास गालात साठवून ठेवायची, म्हणून खारू. आता ती बारा वर्षांची होती, बोलायला तिखट, आणि गणितात बापाच्या वरताण. आठ महिन्यांपूर्वी तिची शाळा बदलली आणि त्यानंतर ती रात्री अंथरूण ओलं करायला लागली.

मुलांच्या डॉक्टरांनी सगळं तपासलं. आजार काही नव्हता. ते म्हणाले, मनावर ताण आहे, आपोआप जाईल. रागावू नका, बोभाटा करू नका, तिला तिच्या खोलीत, तिच्या पलंगावर निवांत झोपू द्या. मग मायलेकींनी आपसात एक व्यवस्था लावली. गादीवर दवाखान्यातला रबरी कपडा. पहाटे बाई हळूच जायच्या, चादर बदलायच्या, आणि कुणी उठायच्या आत ओली चादर धुऊन पाण्याच्या टाकीमागं वाळत घालायच्या. ज्या दिवशी रात्र कोरडी जाई, त्या दिवशी खारू नाश्त्याच्या टेबलावर चमचा पालथा ठेवायची. बाई पाठमोऱ्या असल्या तरी वळून चमचा बघायच्या. गेल्या महिन्यात अकरा वेळा पालथा चमचा दिसला होता.

"बाबांना नाही सांगायचं," खारूनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

"नाही सांगणार," बाई म्हणाल्या होत्या.

आणि तो शब्द त्यांनी मोडला. पथक यायला सहा आठवडे होते. खारूला बैठकीत, आठ परक्या माणसांच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर झोपवायचं म्हणजे पोरीला जिवंतपणी मारायचं. खोली राखायची तर पाळकांना कारण सांगणं भाग होतं. बाईंनी दवाखान्याचं दार लावून त्यांना सांगितलं. "हे तुमच्या-माझ्यात," त्या तीनदा म्हणाल्या. पाळकांचे डोळे भरून आले. त्यांनी बाईंचा हात धरला आणि म्हणाले, "अगं, मला आधी का नाही सांगितलंस? तिची खोली कुणीही घेणार नाही." माणूस मनाचा लोण्यासारखा होता, त्याबद्दल वादच नाही. फक्त त्यांच्या तोंडात तीळ भिजत नव्हता, आणि हे बाईंना सोळा वर्षं ठाऊक होतं.

पथक आलं ते शुक्रवारी दुपारी. पुढं होत्या मायमंडळीच्या महिलामंडळाच्या अध्यक्षबाई. साठीच्या, धिप्पाड, आवाज असा की माईक लाजावा. मागं सहा जण सामान ओढत, आणि सगळ्यात मागं एक तरुण गिटारवाला. अध्यक्षबाईंनी पाळकांना सलाम केला, बाईंना मिठी मारली आणि मग खारूला जवळ ओढून छातीशी धरलं. सोडेचनात.

"बाळा," त्या म्हणाल्या, "आम्ही सगळे तुझ्यासाठी गुडघे टेकतोय हं."

खारूनं त्यांच्या काखेतून आईकडं पाहिलं. आईनं खांदे उडवले. मोठ्या बायका बोलतात काहीबाही, असं त्यांनाही वाटलं.

संध्याकाळी जेवणं झाल्यावर भेटवस्तूंचा कार्यक्रम झाला. पाळकांना पेन, बाईंना पर्स, दवाखान्याला कापसाची पुडकी. मग अध्यक्षबाईंनी गुलाबी कागदात बांधलेलं एक मोठं पुडकं खारूच्या मांडीवर ठेवलं. "उघड, उघड. आमच्या मंडळातल्या बाराजणींनी मिळून केलंय."

खारूनं कागद फाडला. आत रबरी कपडा होता. पलंगाच्या मापाचा, जाड, चारी बाजूंनी सुती झालर लावलेला. झालरीवर निळ्या दोऱ्यानं फुलं काढली होती, आणि फुलांच्या मध्ये बाराजणींची नावं.

टेबलाभोवती आठही चेहरे मायेनं ओथंबलेले होते. एकजण तर फोटो काढत होता. खारूनं कपड्याची घडी पुन्हा घातली, कडा नीट जुळवल्या, आणि लहानपणापासून शिकवल्याप्रमाणे म्हणाली, "थँक यू." मग तिनं मान वर केली. बापाकडं पाहिलं नाही. आईकडं पाहिलं.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती नजर आपण मरेपर्यंत विसरणार नाही, हे त्यांना तिथंच कळलं.

खारू उठून खोलीत गेली. दाराला आतून कडी लागल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. "लाजली पोर," अध्यक्षबाई कौतुकानं म्हणाल्या.

बाईंनी पाळकांना दवाखान्यात बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"कुणाला सांगितलंत?"

"कुणाला म्हणजे? सांगितलं असं नाही. प्रार्थनापत्रात एक मुद्दा घातला."

प्रार्थनापत्र पाळक दर महिन्याला लिहून धाडायचे, बाईंनी ते कधी वाचलं नव्हतं. इथल्या कामाची खबर, आणि खाली मंडळीनं कशाकशासाठी प्रार्थना करावी याचे सात मुद्दे. ते मायमंडळीतल्या चारशे कुटुंबांना जायचं आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी व्यासपीठावरून मोठ्यानं वाचलं जायचं. बाईंनी टेबलाच्या खणातली पत्रांची फाईल ओढून काढली. पाचव्या मुद्द्यात शाळेचं छप्पर गळत होतं. सहावा मुद्दा असा होता: "आमची कन्या, वय बारा, गेले सहा महिने रात्री अंथरूण ओले करते. वैद्यकीय कारण आढळलेले नाही. यामुळे यंदा तिची खोली पथकास देता येणार नाही. तिच्या मनःशांतीसाठी व कोरड्या रात्रींसाठी प्रार्थना करावी."

छप्पर आणि लेक, एकाखाली एक.

"नाव कुठं लिहिलंय मी तिचं?" पाळक म्हणाले.

"किती मुली आहेत आपल्याला?"

"अगं, पण खोली का देता येत नाही याचं कारण द्यायला नको? त्यांनी विचारलं होतं."

"बरं नाही म्हणायचं. पाल झाली म्हणायचं खोलीत."

"म्हणजे खोटं लिहायचं? ज्यांच्या प्रार्थनेवर आपण इथं उभे आहोत, त्यांच्याशी?" ते खरोखर गोंधळले होते. "ही चुगली नव्हे गं. प्रार्थना आहे. चारशे घरं तिच्यासाठी देवाशी बोलतायत. यात वाईट काय केलं मी?"

वाईट काय केलं, हे ज्याला समजावून सांगावं लागतं त्याला समजावून सांगता येत नाही. बाई फाईल चाळत बसल्या. त्यांना थांबताच येईना. त्यांची आई वारली आणि त्यांना जाता आलं नाही, तो दुसरा मुद्दा होता. जे मूल पोटातच गेलं, तो तिसरा, आणि त्याच्या खाली जनरेटरची दुरुस्ती. सहा वर्षांपूर्वी एका पत्रात चौथा मुद्दा होता, "आमच्या दांपत्यजीवनात पत्नीच्या वाणीला अधिक सौम्यता यावी." त्या वर्षी पथकातल्या एका काकूंनी त्यांना गोड बोलण्यावरची एक पुस्तिका दिली होती. बाईंनी ती वाचून वर आभाराचं पत्रही पाठवलं होतं. आता त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"माझी कूससुद्धा सोडली नाहीत," त्या म्हणाल्या. "पण मी मोठी आहे. ते माझं मी गिळीन. तिचं काय?"

पाळकांनी रुमाल काढला. बाईंना त्या रुमालाचाही राग आला. या माणसाला रडू लगेच यायचं आणि मग त्याचंच सांत्वन करावं लागायचं.

त्या खारूच्या दाराशी गेल्या. बऱ्याच वेळानं कडी निघाली, पण दार चार बोटंच उघडलं.

"तू सांगितलंस," खारू म्हणाली.

"हो. मी सांगितलं. तुझी खोली राहावी म्हणून. आणि फक्त बाबांना."

"बाबांना म्हणजे सगळ्यांना. तुला माहीत नव्हतं?"

बाईंना माहीत होतं. सहा महिने पोरीचं गुपित पोटात ठेवलं आणि शेवटी नेऊन दिलं कुणाकडं, तर ज्याच्या पोटात काही ठरत नाही त्याच्याकडं. पाळकांवरचा राग सोपा होता. हा दुसरा राग कुठं ठेवायचा, ते त्यांना सुचेना.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्या नेहमीप्रमाणे गेल्या, तर दार बंद. आतून खारूचा आवाज आला, "मी माझं बघते." तिनं चादर स्वतः धुतली, पिळली, आणि टाकीमागं नव्हे, पुढच्या अंगणातल्या दोरीवर, भिंत रंगवणाऱ्या पथकाच्या डोळ्यांसमोर वाळत घातली. नाश्त्याला तिनं चमचा घेतलाच नाही. दूध उभ्यानं प्यायली आणि निघून गेली.

पथकाचं प्रेम मात्र उतू जात होतं. भीक नको पण कुत्रं आवर, असं म्हणायची पाळी आली. गिटारवाल्यानं खारूला बाजूला घेऊन सांगितलं की त्यालाही सातव्या वर्षापर्यंत असंच व्हायचं. सातव्या! बारा वर्षांच्या पोरीला हे सांगून त्यानं तिची पाठ थोपटली. रात्रीच्या जेवणाला एक काका सगळ्यांदेखत म्हणाले, "झोपण्याआधी पाणी कमी पी हं बाळ." खारूनं तांब्या उचलला, पेला भरला, त्यांच्या डोळ्यांत बघत रिकामा केला आणि पुन्हा भरला. असे तीन पेले. बाईंना टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. पण खारू त्यांच्याकडं बघतच नव्हती.

गुरुवारी बाई भांडी घासत होत्या तेव्हा अध्यक्षबाई शेजारी येऊन पुसायला लागल्या. कामाला त्या वाघ होत्या, हे मान्य करायला हवं.

"वहिनी, रविवारी आमची निरोपाची उपासना. तेव्हा लेकराला पुढं बसवून सगळ्या मंडळीनं तिच्यावर हात ठेवायचे आणि प्रार्थना करायची. मी बोलणार आहे चार शब्द."

बाईंच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. "इथल्या मंडळीला यातलं काही ठाऊक नाही, ताई."

"म्हणून तर सांगायचं. एकट्यानं ओझं का वाहायचं?"

"नको. तिच्या वर्गातल्या तीन मुली येतात उपासनेला. त्यांना कळलं तर सोमवारी सगळ्या शाळेत होईल."

"अगं, लाजायचं काय त्यात? देवाच्या घरी पडदा नसतो."

"न्हाणीघराला असतो," बाई म्हणाल्या.

अध्यक्षबाई खळखळून हसल्या. त्यांना तो विनोद वाटला. "पाळकसाहेबांनी होकार दिलाय," त्या म्हणाल्या आणि पुसलेलं ताट फडताळात ठेवलं, चुकीच्या जागी.

पाळकांनी होकार दिलाच होता. "चारशे घरांनी प्रार्थना केलीय," ते म्हणाले. "त्या घरांच्या वतीनं ही माणसं इतक्या लांब आलीत. नको म्हटलं तर काय वाटेल त्यांना? आणि अध्यक्षबाई जपून बोलतील."

"अध्यक्षबाई. जपून."

"तू प्रत्येक गोष्टीत वाकडंच बघतेस."

"खारूला घरी राहू द्या मग रविवारी."

"पाळकाची मुलगी निरोपाच्या उपासनेला घरी? लोक काय म्हणतील?"

लोक काय म्हणतील! पोरीचं अंथरूण चारशे घरांत वाळत घालणाऱ्या माणसाला लोकांची पडली होती. बाई तिथून उठल्या, कारण आणखी एक शब्द ऐकला असता तर हातून काय झालं असतं कुणास ठाऊक.

शनिवारी त्यांनी खारूला दाराच्या फटीतून सगळं सांगितलं. लपवलं नाही. "मी थांबवायचा प्रयत्न केला. जमलं नाही."

"मग तूच सांगणार ना त्यांना," खारू म्हणाली. "दुभाषी तूच असतेस." आणि दार लोटून घेतलं.

रविवारी सभागृह भरलं होतं. साठेक माणसं असतील. रंगारी, बसचालक, कपडे धुणारी म्हातारी, दवाखान्यात येणाऱ्या बायका, त्यांची पोरं. दुसऱ्या बाकावर खारू आणि तिच्या वर्गातल्या तिघी. गिटारवाल्यानं दोन गाणी म्हटली. मग पुढं एक रिकामी खुर्ची मांडली गेली. पाळक व्यासपीठावर उभे राहिले, अध्यक्षबाई खुर्चीशेजारी, आणि त्यांच्या डाव्या हाताला बाई.

अध्यक्षबाई मराठीत बोलल्या, "आज आपण तुमच्या पाळकसाहेबांच्या लेकीसाठी विशेष प्रार्थना करणार आहोत. गेले आठ महिने ही पोर रात्री अंथरूण ओलं करते."

आणि त्या भाषांतरासाठी थांबल्या.

सभागृहात मराठी कळणारी माणसं मोजकी होती. पथकातली आठ, पाळक, बाई आणि खारू. बाकीचे सगळे बाईंच्या तोंडाकडं बघत होते. खारूही बघत होती. तिचा चेहरा कागदासारखा पांढरा पडला होता आणि दोन्ही हातांनी तिनं बाकाची कड धरली होती. शेजारच्या मुलीनं तिला कोपरानं ढोसून काहीतरी विचारलं.

बाईंनी घसा साफ केला आणि इथल्या भाषेत, नेहमीच्या स्वच्छ आवाजात सांगितलं, "अध्यक्षबाई म्हणतात, मी फार लांबून आले आहे. माझ्या मनावर मोठं ओझं आहे. आठ महिने मला धड झोप नाही."

साठ माणसांतून हळहळ उमटली. अध्यक्षबाईंना वाटलं, बरोबर जागी लागलं. त्यांना जोर चढला. "तिला याची लाज वाटते. पण आपल्याच माणसांत लाज कसली?"

"ओझं कशाचं ते सांगायची मला लाज वाटते," बाई म्हणाल्या. "ते विचारू नका. पण तुम्ही मला आपली माणसं वाटता."

"तर सगळे पुढं या, आणि तिच्यावर हात ठेवा!"

"पुढं या," बाई म्हणाल्या, "आणि माझ्यावर हात ठेवा. मी या खुर्चीत बसते."

पाळकांनी तोंड उघडलं. त्यांना प्रत्येक शब्द कळला होता. एक वाक्य बोलले असते तर सगळं तिथंच उलटलं असतं. बाईंनी वळून त्यांच्याकडं पाहिलं, आणि सोळा वर्षांत कधी पाहिलं नव्हतं असं पाहिलं. पाळकांनी तोंड मिटलं. लेकीसाठी मिटलं की भीतीनं, हे बाईंना तेव्हाही कळलं नाही आणि नंतरही नाही.

पहिला उठला तो रंगारी. त्यानं अध्यक्षबाईंना खांद्याला धरून अदबीनं खुर्चीत बसवलं. मग बसचालक, मग दवाखान्यातल्या बायका, मग सगळेच. डोक्यावर, खांद्यांवर, पाठीवर, जागा मिळेल तिथं हात. "अगं वहिनी, मी नाही! ती! ती पोर!" अध्यक्षबाई ओरडत होत्या. बाई भाषांतर करत नव्हत्या. त्यांनी हात पाठीमागं बांधले होते. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. जळल्याशिवाय काहींना कळत नाही, हेही तितकंच खरं. कपडे धुणाऱ्या म्हातारीनं अध्यक्षबाईंचा चेहरा दोन्ही ओंजळींत धरला आणि रडत रडत मोठ्यानं प्रार्थना सुरू केली. आणि मग अध्यक्षबाईंचं ओरडणं थांबलं. त्याही रडायला लागल्या. कशासाठी, ते त्यांनाच ठाऊक.

बाईंना त्यांची दया आली नाही. यायला हवी होती, हेही त्यांना कळत होतं.

दुसऱ्या बाकावर खारूनं डोकं गुडघ्यांत घातलं होतं आणि तिचे खांदे हलत होते. रडतेय की हसतेय, ते दिसत नव्हतं.

दुपारी जेवणाला अध्यक्षबाईंचे डोळे सुजलेले होते. "माणसं फार प्रेमळ आहेत इथली," त्या ताटाकडं बघत म्हणाल्या. "पण काहीतरी गडबड झाली, वहिनी."

"झाली," बाई म्हणाल्या आणि त्यांना वाढलं.

पाळकांनी बाईंना दवाखान्यात गाठलं. "तू देवाच्या घरात खोटं बोललीस. सगळ्यांसमोर. माझ्यासमोर."

"बोलले."

"तुला काहीच वाटत नाही?"

"वाटतं. नऊ वर्षं शब्द न् शब्द खरा सांगितला होता, तो आज मोडला. त्याचं फार वाटतं. पत्रात घाला हवं तर. या महिन्याचा पहिला मुद्दा."

या वेळी पाळकांनी रुमाल काढला नाही.

सोमवारी सकाळी पथक गेलं. खारू शाळेत गेली आणि दुपारी परत आली. बाई पाहुण्यांसाठी भिंतीशी सरकवलेला जड पलंग एकट्याच ओढत होत्या. दप्तर खाली टाकून खारूनं पलंगाचं दुसरं टोक धरलं. दोघींनी तो जागेवर नेला. दोघी त्याच्यावर बसल्या आणि खारू पाय हलवायला लागली.

"शाळेत कुणी काही विचारलं?" बाईंनी विचारलं.

"त्या बाईंचं ओझं कसलं होतं, असं विचारत होत्या. मी म्हटलं, मला काय माहीत." तिनं हलणारे पाय थांबवले. मग म्हणाली, "तुला एक सांगू? नव्या शाळेत पहिल्या आठवड्यात काय झालं ते?"

"सांग."

"बाबांना नाही सांगायचं."

"नाही."

"गेल्या वेळीही नाहीच म्हणाली होतीस."

"म्हणाले होते," बाई म्हणाल्या. त्यांनी शपथ घेतली नाही. कोणत्या तोंडानं घेणार?

तेवढ्यात पाळक दाराशी आले. मायलेकी पुन्हा शेजारी शेजारी बसलेल्या बघून त्यांचा चेहरा उजळला. त्यांना मनापासून बरं वाटलं होतं, ते दिसत होतं. "काय खलबतं चाललीत दोघींची?" ते हसून म्हणाले आणि खुर्ची ओढायला वाकले.

खारूनं आईकडं पाहिलं.

सोळा वर्षांत बाईंनी या माणसापासून आपलं काहीच लपवलं नव्हतं. आईच्या मरणाचं, पोटातल्या मुलाचं, रागाचं, सगळं पहिल्यांदा यांनाच सांगितलं होतं. सांगायला दुसरं होतं तरी कोण त्यांना, या परक्या देशात?

"काही नाही," बाई म्हणाल्या.

पाळकांचा हात खुर्चीच्या पाठीवर तसाच राहिला. ते क्षणभर थांबले, आणखी काही ऐकायला मिळेल म्हणून. मग "बरं" म्हणाले आणि वळले. बाई त्यांच्या पावलांचा आवाज ऐकत बसल्या. बैठक, मग ओसरी, मग अंगण. हा माणूस दूर जाण्याची वाट त्या आयुष्यात पहिल्यांदाच बघत होत्या. फाटक वाजलं, आणि खारू बोलायला लागली.